घरी घडविलेले विमान आणि परवान्याची कसोटी

(आष्टी, जिल्हा वर्धा येथे शिक्षक, शासकीय कर्मचारी व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संत्र्याच्या बागा, कपाशी आणि सोयाबीन यांच्या या तालुक्यात विमानाच्या बांधणीविषयी आणि तिच्या परवान्यांविषयी बोलावे, हे वरकरणी विसंगत वाटेल. येथे धावपट्टी नाही, विमानाचा कारखाना नाही. परंतु नागपूरचे सोनेगाव येथून फार दूर नाही. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही दिशांची विमाने रात्री नागपुरास एकत्र येत आणि टपालाची अदलाबदल करून परत फिरत. विमान ही वस्तू विदर्भाला तेव्हापासून परिचित आहे. आज तर नागपूरच्या मिहान प्रकल्पात मोठ्या प्रवासी विमानांची देखभाल होते आणि फाल्कन जातीच्या विमानांचे भाग तयार होतात. गावागावांतून ट्रॅक्टरची ट्रॉली, पवनचक्की, मळणीयंत्र स्वतः घडविणारे कुशल हात आहेत. अशा हातांना कधी ना कधी आकाशाची ओढ लागणार, आणि ती लागलीही आहे.

ऑगस्ट २०२१ मधील गोष्ट. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील एका गावी पत्रा आणि वेल्डिंगचे काम करणाऱ्या एका तरुणाने एक आसनी हेलिकॉप्टर तयार केले होते. शाळेचे शिक्षण अर्धवट सुटलेले, एंजिन एका जुन्या मोटारीचे, आणि ज्ञान बहुतांशी चित्रफिती पाहून मिळविलेले. स्वातंत्र्यदिनी गावाला ते दाखवावे असा त्याचा मानस होता. त्याआधी एका रात्री जमिनीवरच चाचणी घेत असताना शेपटीकडील पाते तुटले, ते वरच्या मोठ्या पंख्यावर आदळले आणि त्या पंख्याचा तडाखा त्याला बसला. त्याचा मृत्यू झाला. वय अवघे चोवीस. यंत्र जमिनीवरून उचललेही गेले नव्हते.

या घटनेनंतर दोन प्रकारची मते व्यक्त झाली. एका पक्षाने म्हटले, असल्या वेडेपणाला वेळीच आळा घालायला हवा होता. दुसऱ्या पक्षाने म्हटले, अशा गुणी तरुणाला शासनाने साहाय्य द्यावयास हवे होते. दोन्ही मतांत तथ्य आहे, पण दोन्ही मते मधला मुद्दा सोडून जातात. त्या तरुणाजवळ धैर्य होते, कसब होते, चिकाटी होती. नव्हता तो दुसऱ्या जाणकार माणसाचा डोळा. त्या पात्याचा धातू कोणता, तो किती ताण सोसतो, फिरत्या पात्यांच्या टप्प्यात चालकाचे डोके येऊ नये म्हणून काय केले आहे, हे प्रश्न यंत्र सुरू होण्यापूर्वी विचारणारा कोणी नव्हता. जगात ज्याला हौशी विमानबांधणीचे प्रमाणीकरण म्हणतात, ते मुळात या प्रश्नांचेच एक शिस्तबद्ध रूप आहे. कागद हे त्याचे बाह्यांग आहे. दुर्दैवाने आपल्याकडे बाह्यांगाची भीती इतकी असते की आतील गाभा दिसतच नाही.

प्रथम शब्दांचा गोंधळ दूर केला पाहिजे. ट्रक किंवा टॅक्सी रस्त्यावर आणावयाची तर तिचा क्रमांक घ्यावा लागतो, आणि ती चालण्यास योग्य आहे अशी तपासणी करून घ्यावी लागते. या दुसऱ्या गोष्टीला आपण बोलीत ‘पासिंग’ म्हणतो. विमानाचेही तसेच आहे. पहिला कागद नोंदणीचा. त्यामुळे विमानाला राष्ट्राचे चिन्ह मिळते. भारतीय विमानांच्या अंगावर व्हीटी ही दोन अक्षरे आणि त्यांपुढे आणखी तीन अक्षरे असतात, ती याच नोंदणीची. दुसरा कागद उड्डाणयोग्यतेचा. नोंदणी झाली म्हणजे विमान उडविण्यास योग्य ठरले असे नव्हे, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. याहून वेगळा तिसरा कागद असतो तो मर्यादित उड्डाण-अनुमतीचा. ज्या विमानाला पूर्ण उड्डाणयोग्यता मिळालेली नाही, परंतु ज्याची चाचणी घेतल्यावाचून ती देताही येत नाही, अशा विमानास ठरावीक क्षेत्रात, ठरावीक अटींवर उडण्याची ही परवानगी होय. विमान चालविणाऱ्याचा स्वतःचा परवाना हा आणखी निराळा.

कारखान्यात तयार होणाऱ्या विमानाच्या बाबतीत त्या नमुन्याची तपासणी एकदा सखोल होते आणि मग त्याच नमुन्याची शेकडो विमाने निघतात. घरी बांधलेले विमान एकुलते एक असते. त्याच्यासाठी तेवढा खर्च आणि तेवढी वर्षे कोणीही देऊ शकत नाही. तेव्हा कोणता मार्ग काढावा, या प्रश्नाला निरनिराळ्या देशांनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत. त्यांत अमेरिकेचे उत्तर सर्वांत जास्त रुळलेले आहे. तेथे १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी विस्कॉन्सिन राज्यात हौशी विमानबांधकांची एक संघटना स्थापन केली. आज तिचा मेळावा दरवर्षी ऑशकॉश येथे भरतो आणि घरी बांधलेली विमाने स्वतः उडवीत लोक तेथे येतात. तेथील कायद्याने या विमानांना ‘प्रायोगिक’ या वर्गात जागा दिली. अट एकच, पण फार विचारपूर्वक घातलेली: विमानाचा बहुतांश भाग बांधणाऱ्याने किंवा बांधणाऱ्यांनी स्वतः तयार केलेला व जोडलेला असावा, आणि तो केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा छंदासाठी. व्यवहारात याला ‘एक्कावन्न टक्क्यांचा नियम’ म्हणतात. एंजिन, पंखा, चाके, उपकरणे विकत घेतली तरी चालतात. तयार सुट्या भागांचा संचही घेता येतो. मात्र पैसे देऊन दुसऱ्याकडून करवून घेतलेले काम बांधणाऱ्याच्या खात्यात धरले जात नाही.

या अटीचे मर्म ‘शिक्षण’ या शब्दात आहे. शासन असे म्हणते की, या विमानाची हमी आम्ही देत नाही. परंतु ज्याने प्रत्येक रिबेट स्वतः ठोकली आहे त्याला आपले यंत्र कळलेले असते, आणि म्हणून आम्ही त्याला मर्यादित विश्वास देतो. हा विश्वास पुढेही जातो. विमान पूर्ण झाल्यावर त्या विशिष्ट विमानाची वार्षिक तपासणी करण्याचा अधिकार मुख्य बांधणाऱ्याला मिळू शकतो, मग तो व्यवसायाने शिक्षक असो की शेतकरी. त्याच वेळी विमानात शिरण्याच्या जागी ‘प्रायोगिक’ हा शब्द किमान दोन इंच उंचीच्या अक्षरांत लिहावा लागतो, आणि हे विमान हौशी बांधणीचे असून नेहमीच्या विमानांच्या सुरक्षा-नियमांस अनुसरून नाही, अशी सूचना प्रवाशाला दिसेल तेथे लावावी लागते. हमी दिलेली नाही हे लपवीत नाहीत.

आता, बहुतांश भाग आपणच बांधला हे सिद्ध कसे करावयाचे? येथे जमलेल्या अधिकाऱ्यांना आणि पंचायत सदस्यांना याचे उत्तर परके वाटणार नाही. शाळेची खोली किंवा रस्त्यावरील मोरी बांधताना अभियंता मोजमाप पुस्तिका ठेवतो. पाया बुजविण्यापूर्वी त्याची खोली आणि रुंदी मोजून नोंदविली पाहिजे, कारण एकदा भर घातली की ती खोली कोणाला दिसणार नाही. विमानबांधकाची रोजनिशी ही अशीच मोजमाप पुस्तिका होय. कोणत्या तारखेला किती तास काम झाले, कोणता भाग घडविला, कोणत्या नकाशाप्रमाणे, धातू कोणत्या प्रतीचा व कोठून आणला, त्याची पावती कोणती, चूक झाली तर ती कशी दुरुस्त केली, हे सर्व तीत येते. सोबत छायाचित्रे. पंखाच्या आतील सांगाडा वरचे आवरण चढविण्यापूर्वी टिपलेला असला पाहिजे, आणि काही छायाचित्रांत बांधणारा स्वतः काम करताना दिसला तर उत्तम. ब्रिटनमध्ये ही पद्धत अधिक काटेकोर आहे. तेथे हौशी विमानचालकांच्या संघटनेने नेमलेला निरीक्षक बांधणीच्या टप्प्याटप्प्याला येतो आणि आवरण बंद होण्याआधी सही करतो. ही संघटना १९४६ सालापासूनची आहे आणि तिच्या शिफारशीवर उड्डाण-अनुमती मिळते. पाया बुजल्यावर आलेल्या तपासनिसाची सही कितपत खरी, हे सांगावयास नको.

नोंदीचे महत्त्व इतिहासावरूनही दिसते. १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंनी अमेरिकेच्या किनाऱ्यावरील वाळूत चार उड्डाणे केली. पहिले बारा सेकंदांचे व १२० फुटांचे, शेवटचे ५९ सेकंदांचे व ८५२ फुटांचे. हे आकडे आज आपण निःशंकपणे सांगतो, कारण त्यांनी वेळ मोजली, अंतर मोजले, वाऱ्याचा वेग मोजला, रोजनिशीत लिहिले, पाच साक्षीदार उभे होते आणि विमान जमिनीवरून सुटले त्याच क्षणाचे छायाचित्र घेतले गेले. उलट मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगावच्या चौपाटीवर विमान उडविले, असे अनेक वर्षे सांगितले जाते. मराठी माणसाला ही कथा प्रिय आहे. परंतु त्या दिवसाचे मोजमाप नाही, छायाचित्र नाही, नकाशा नाही, आणि त्या उड्डाणाला आधार देणारा समकालीन विश्वसनीय पुरावा पुढे आलेला नाही. ज्या संस्कृत ग्रंथाचा या संदर्भात हवाला दिला जातो, त्यातील विमानांचे आराखडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली तपासले आणि ती उडण्याजोगी नाहीत, असा निष्कर्ष काढला. तळपदे हे जिज्ञासू आणि उद्योगी गृहस्थ असतील यात शंका नाही. पण शाळेत मुलांना सांगताना शिक्षकांनी त्यांचे उड्डाण सिद्ध झालेली गोष्ट म्हणून सांगू नये.

रोजनिशीनंतर प्रत्यक्ष तपासणी. परीक्षक येतो तेव्हा विमानाची सर्व झाकणे उघडलेली असतात. तो पाहतो ते बहुधा अगदी साध्या गोष्टी. प्रत्येक बोल्टच्या नटाला सुटू न देणारी योजना आहे काय. दांडा डावीकडे झुकविला असता डाव्या पंखावरील पट्टी वर जाते काय, की तारा उलट्या जोडल्या गेल्या आहेत. नियंत्रणाच्या तारा कोठे घासत नाहीत ना. विमान चढणीच्या कोनात असताना इंधन एंजिनापर्यंत पुरेसे पोचते काय, हेही मोजले जाते. केवळ उतारावर वाहणाऱ्या इंधनासाठी एंजिनाच्या कमाल गरजेच्या दीडपट, आणि पंपाने येणाऱ्या इंधनासाठी सव्वापट प्रवाह हवा, असे प्रमाण कारखान्यात तयार होणाऱ्या लहान विमानांसाठी ठरलेले आहे आणि शहाणा हौशी बांधकही तेच पाळतो. पंखाचा भक्कमपणा तपासण्याची एक जुनी पद्धत तर कोणाही खेडुताला समजेल: पंख उलटा करून आधारावर बसवितात आणि त्यावर वाळूची पोती रचतात. साध्या वर्गातील लहान विमानाने स्वतःच्या वजनाच्या ३.८ पट भार सोसला पाहिजे, असे मान आहे. पोती काढल्यावर पंख मूळ आकारात परत आला पाहिजे. तो वाकलेला राहिला तर काम पुन्हा करावे.

आणि मग वजन. हा भाग शिक्षकांनी लक्षपूर्वक ऐकावा, कारण तो शाळेतील तरफेच्या नियमापलीकडे जात नाही. बंडीत माल भरताना जाणता गडी काय पाहतो? ओझे फार मागे गेले तर बंडी उलार होते आणि धुरा वर उचलला जातो. ओझे फार पुढे आले तर बैलांच्या मानेवर भार येतो. विमानाची स्थिती याहून नाजूक. ते उलार झाले तर नाक आपोआप वर जाते, वेग घटतो, पंखांचा आधार सुटतो, आणि चालकाच्या हाती काही उरत नाही. म्हणून तिन्ही चाके तीन काट्यांवर ठेवून विमान तोलतात. एक कल्पित उदाहरण घेऊ. पुढील दोन चाकांवर मिळून ५०० किलो भार आहे आणि ती नाकाच्या टोकापासून २ मीटरवर आहेत. शेपटीच्या चाकावर ३० किलो असून ते ६ मीटरवर आहे. ५०० गुणिले २ म्हणजे १,०००, ३० गुणिले ६ म्हणजे १८०. बेरीज १,१८० भागिले एकूण वजन ५३०. गुरुत्वमध्य नाकापासून सुमारे २.२३ मीटरवर आला. आता ८० किलोचा चालक २.४ मीटरवर बसविला तर तो २.२५ मीटरवर जातो. आराखड्याने मर्यादा २.१५ ते २.३० मीटर ठरविली असेल, तर येथपर्यंत ठीक. पण आसनामागे ३.५ मीटरवर केवळ ४० किलोची पेटी ठेवली की हिशेब २.३३ मीटरवर जातो, म्हणजे मर्यादेबाहेर. फरक तीन सेंटिमीटरांचाही नाही. हा हिशेब फळ्यावर मांडता येतो. विमानबांधणीतील अनेक प्राण या तीन ओळींच्या गणिताने वाचले आहेत.

सर्व ठीक ठरले तरी विमान लगेच मोकळे होत नाही. अमेरिकेतील नेहमीच्या पद्धतीप्रमाणे, एंजिन आणि पंखा यांची जोडी प्रमाणित असेल तर पहिले २५ तास, नसेल तर ४० तास, विमान विरळ वस्तीच्या ठरवून दिलेल्या क्षेत्रातच उडवावे लागते. प्रवासी नेता येत नाही. त्या काळात कोणत्या वेगाला विमान थरथरते, कोणत्या वेगाला पंखांचा आधार सुटतो, हे मोजून लिहावयाचे असते. ही अट उगाच नाही. तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की, घरी बांधलेल्या विमानांच्या अपघातांत एंजिनातील बिघाड आणि हवेत नियंत्रण सुटणे ही कारणे प्रमुख आहेत, आणि बरेच अपघात विमानाच्या आयुष्याच्या अगदी आरंभी घडतात.

आता स्वदेशाकडे वळू. आपल्याकडे ही वाट अशी रुळलेली नाही, आणि ती किती खडतर असू शकते हे एका मराठी वैमानिकाच्या उदाहरणावरून दिसते. कॅप्टन अमोल यादव हे व्यवसायाने प्रवासी विमानाचे चालक. कांदिवली येथे चारकोपमध्ये त्यांचे एकत्र कुटुंब राहते. दोन प्रयत्न आधी करून झाल्यावर त्यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधावयास घेतले. इमारतीला उद्वाहक नव्हता; धातूचे पत्रे आणि भाग अरुंद जिन्याने वर न्यावे लागले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात ‘मेक इन इंडिया’ सप्ताह भरला, तेव्हा हे विमान सुटे करून यारीच्या साहाय्याने गच्चीवरून खाली उतरविले गेले आणि तेथे मांडले गेले. लाखो लोकांना ते वृत्तपत्रांतून तेव्हा प्रथम कळले.

परंतु त्यांचा नोंदणीचा अर्ज त्याआधी कित्येक वर्षे, २०११ पासून, फिरत होता. मध्यंतरी २०१४ च्या सुमारास नियमांत बदल होऊन व्यक्तीपेक्षा कंपनीने विमान बांधावे असे स्वरूप आले, असे त्या वेळच्या वृत्तांवरून दिसते. म्हणजे विमान गच्चीवर आकार घेत होते आणि ज्या वर्गात ते बसावयाचे तो वर्गच खालून सरकत होता. राज्य शासनाने या प्रकरणी पाठपुरावा केला. अखेरीस नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून नोंदणी मिळाली आणि विमानाच्या अंगावर व्हीटी-एनएमडी ही अक्षरे आली. फेब्रुवारी २०१८ मध्ये पालघर जिल्ह्यात विमाननिर्मितीसाठी राज्य शासनाशी सामंजस्य करार झाला, त्याला मोठी प्रसिद्धी मिळाली. पण येथे मघाशी सांगितलेला फरक आठवावा. नोंदणी मिळाली तरी विमान उडू शकत नव्हते. उड्डाण-अनुमती मिळण्यास ऑक्टोबर २०१९ उजाडला. आणि ऑगस्ट २०२० मध्ये धुळे येथील धावपट्टीवर चाचणीचे उड्डाण झाले. अर्जापासून चाकांनी जमीन सोडेपर्यंत नऊ वर्षे लागली.

या नऊ वर्षांचा दोष कोणा एकाच्या माथी मारणे सोपे आहे. तसे करू नये. आपले विमानविषयक नियम १९३७ चे, आणि ज्या कायद्याखाली ते झाले तो १९३४ चा. त्यांची दृष्टी प्रवासी वाहतूक करणाऱ्या कंपन्या, उड्डाणसंस्था आणि परदेशातून प्रमाणित होऊन आलेली विमाने यांच्याकडे होती. गच्चीवर विमान बांधणारा नागरिक त्या दृष्टीच्या टप्प्यात नव्हता. अशा अर्जापुढे बसलेल्या अधिकाऱ्याची अडचणही समजून घ्यावी: विमान पडले तर ते बांधणाऱ्यावरच पडेल असे नाही, एखाद्या शाळेवरही पडेल, आणि सही त्या अधिकाऱ्याची असेल. नियम स्पष्ट नसला की अधिकारी नकार देत नाही व होकारही देत नाही. बांधणाऱ्याची वर्षे जातात ती या दोहोंच्या मध्ये. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली आहे. त्यात विमानाचा वापर आणि विक्री यांच्याबरोबरच आराखडा व निर्मिती यांचाही स्पष्ट समावेश आहे. हौशी बांधणाऱ्यासाठी टप्प्याटप्प्याच्या तपासणीची, मर्यादित क्षेत्राची आणि ठरावीक मुदतीची सुलभ वाट या नव्या चौकटीत आखता येण्यासारखी आहे. ती आखली गेली तर यवतमाळकडील त्या तरुणासारख्यांना अर्ज कोठे करावयाचा हे तरी कळेल.

आष्टीच्या भूमीत नियमांची महती सांगताना थोडे अवघडल्यासारखे होते. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, येथील लोकांनी परकीय सत्तेच्या ठाण्यावर तिरंगा फडकविण्यासाठी मोर्चा नेला आणि प्राण दिले. तो कायदा परक्याचा होता आणि तो मोडणे हेच कर्तव्य होते. आजचा नियम आपला आहे. तो अपुरा असेल तर तो पुरा करून घेणे आपल्या हाती आहे.

तोपर्यंत गावपातळीवर काय करता येईल, हा व्यवहाराचा प्रश्न उरतो. एखादा तरुण असे यंत्र बांधीत आहे असे सरपंचाला किंवा मुख्याध्यापकाला कळले, तर त्याची टिंगल करू नये आणि त्याचा सत्कारही घाईने करू नये. स्वातंत्र्यदिनाची तारीख ही यंत्राची चाचणी घेण्याचे कारण होऊ शकत नाही. उत्सवाच्या मुदतीने केलेल्या जोडणीत नट सैल राहतात. फिरते पाते असलेले कोणतेही यंत्र लोकांच्या घोळक्यात किंवा अंधारात सुरू होऊ देऊ नये. जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील निदेशकास एकदा यंत्र दाखवावे. वेल्डिंगचा सांधा चांगला की कच्चा, एवढे तरी तो निश्चित सांगेल. पात्याचा धातू आणि त्याचा तोल हा विषय मात्र अभियांत्रिकी महाविद्यालयाचा आहे, आणि तशी महाविद्यालये वर्धा, अमरावती, नागपूर या तिन्ही ठिकाणी आहेत. त्या तरुणाला पहिल्या दिवसापासून रोजनिशी लिहावयास लावावी. दोनशे पानी वहीला फारसा खर्च येत नाही.

शाळांना याहून सोपा आरंभ करता येतो. एनसीसीच्या हवाई विभागात विमानाच्या लहान प्रतिकृती तयार करून उडविण्याचे शिक्षण मिळते, आणि गुरुत्वमध्याचे मघाचे गणित बाल्साच्या लाकडाच्या हातभर विमानालाही तसेच लागू पडते. त्याच ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस, यवतमाळ जिल्ह्यातील त्या दुर्घटनेनंतर दोनच आठवड्यांनी, केंद्र शासनाने ड्रोन नियम जारी केले. त्यांत मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांना संशोधनासाठी हरित क्षेत्रात, आपल्या आवारात किंवा आपल्या ताब्यातील मोकळ्या जागेत ड्रोन उडविण्यास प्रमाणपत्र, नोंदणी आणि चालक-परवाना यांतून सूट दिलेली आहे. परिसर हरित क्षेत्रात येतो की नाही हे डिजिटल स्काय या शासकीय नकाशावर पाहता येते. सुटीच्या दिवशी शाळेच्या पटांगणात हे काम सुरू करता येईल. त्यासाठी दिल्लीला पत्र पाठविण्याची गरज नाही. माणूस बसेल असे यंत्र बांधावयाचे असेल, तर मात्र पत्र्याला पहिली कात्री लावण्यापूर्वी आराखडा, एंजिनाची माहिती आणि बांधणीचे ठिकाण लिहून महासंचालनालयाला अर्ज पाठवावा, त्याची पोच घ्यावी आणि ती रोजनिशीच्या पहिल्या पानावर चिकटवावी.